लिप्टनला हरवणारा कारखाना

लिप्टनचा चहा आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी तरी प्यायला आहे. पुड्यावरचं ते नाव ज्याचं, तो सर थॉमस लिप्टन ग्लासगोत एका गरीब आयरिश घरात जन्मला. किराणा मालाची दुकानं टाकत टाकत गब्बर झाला, सिलोनमध्ये चहाचे मळे घेतले आणि स्वतःच्या नावाची पुडी घरोघर पोचवली. धंद्यात सहसा हार न खाणारा हा माणूस एका खेळात मात्र जन्मभर हरत राहिला. १८९९, १९०१, १९०३, १९२० आणि १९३० अशा पाच वेळा ‘शॅमरॉक’ नावाची नवी शिडाची यॉट बांधून तो ‘अमेरिकाज कप’ जिंकायला अटलांटिकपार गेला आणि पाचही वेळा हात हलवत परत आला. त्याला हरवणारी यॉट पाचही वेळा एकाच गावातल्या एकाच कारखान्यातून पाण्यात उतरलेली होती.

गाव ब्रिस्टल, इंग्लंडातलं नव्हे, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातलं. कारखान्याचं नाव हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. नाव ऐकून वाटावं, इथे पंप नाहीतर नटबोल्ट तयार होत असतील. नटबोल्ट खरोखरच तयार होत, कारण बाहेरचे नटबोल्ट मालकांच्या पसंतीस उतरत नसत. पण ते बसत व्हॅंडरबिल्ट, मॉर्गन, बेलमॉंट असल्या कुबेरांच्या यॉटांवर. त्या काळातला अमेरिकन धनिक हवेली बांधायची तर न्यूपोर्टला बांधी आणि यॉट बांधून घ्यायची तर तिथून जवळच असलेल्या ब्रिस्टलला येई.

हेरेशॉफ घराणं मूळचं प्रशियातलं. कारखाना काढणाऱ्या भावांचे आजोबा अमेरिकेत आले आणि प्रॉव्हिडन्स शहरातल्या जॉन ब्राउन या बड्या व्यापाऱ्याचे जावई झाले. ब्राउनच्या उद्योगांत गुलामांचा व्यापारही होता. ब्रिस्टल तर त्या व्यापाराचं नाव घेण्याजोगं बंदरच होतं, आणि तिथलं डिवुल्फ घराणं त्यात सर्वांत पुढे. पुढे हेरेशॉफांच्या घरात डिवुल्फांची मुलगी सून म्हणून आली. यॉटांच्या इतिहासात हे सहसा कुणी लिहीत नाही. पण गुलामांची जहाजं बंद झाल्यावरही त्या किनाऱ्यावर सुतारकाम, दोरकाम, शिडकाम जाणणारी माणसं आणि जुना पैसा शिल्लक होता, ही गोष्ट कारखान्याच्या हिशेबात धरायला हवी.

घरात नऊ भावंडं आणि त्यातल्या काहींची दृष्टी लहानपणीच गेलेली. १८४१ साली जन्मलेला जॉन ब्राउन हेरेशॉफ, ज्याला सगळे जे. बी. म्हणत, पंधराव्या वर्षी पूर्ण आंधळा झाला. होड्या बांधायचा नाद त्याला त्याआधीपासून होता. डोळे गेल्यावर तो सुटला नाही, उलट वाढला. १८६० साली वडील आणि मुलांनी मिळून ‘स्प्राइट’ नावाची वीस फुटी होडी बांधली. लाकडी नमुन्यावरून मापं काढून ती मोठी करण्याचं काम जे. बी.च्या धाकट्या भावाकडे, नॅथनेलकडे, आलं. त्याचं वय तेव्हा बारा. त्याच वर्षी ही मुलं ‘स्प्राइट’ घेऊन न्यूयॉर्कला गेली, ती ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जगातलं सर्वांत मोठं जहाज बघायला. (हेच जहाज दहा वर्षांनी मुंबईला आलं आणि मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकून गेलं.) आंधळ्या भावाला त्या अजस्र लोखंडी जहाजाचं वर्णन नॅथनेलनं कसं करून सांगितलं असेल, असं मनात येतं. दोघांची पुढची सगळी कारकीर्द याच पद्धतीनं झाली: एकानं पाहायचं, दुसऱ्यानं चाचपायचं आणि मग दोघांनी बोलायचं.

नॅथनेल, म्हणजे नॅट, बोस्टनच्या एमआयटीत तीन वर्षं शिकला आणि प्रॉव्हिडन्सच्या कॉर्लिस कंपनीत वाफेच्या इंजिनांवर कामाला लागला. जे. बी.नं तोवर, १८६३ पासून, ब्रिस्टलला होड्या बांधायचा धंदा थाटला होता. नोकरी सांभाळून नॅट त्याला नमुने करून देत असे. १८७६ मध्ये त्यानं स्वतःसाठी ‘अमॅरिलिस’ नावाची दोन अंगांची होडी, कॅटमरान, बांधली आणि न्यूयॉर्कच्या शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकलं. हरलेल्यांनी तक्रार केली, होडी बाद झाली आणि असल्या होड्यांना शर्यतीत मज्जाव झाला. नियमात जे लिहिलेलं नाही ते करून दाखवायचं आणि मग नियम बदलेपर्यंत जिंकत राहायचं, ही नॅटची खोड इथूनच दिसते.

१८७८ मध्ये भाऊ रीतसर भागीदार झाले. सुरुवातीची दहा-बारा वर्षं कारखान्याचं नाव झालं ते शिडांवर नव्हे, वाफेवर. हलकं इंजिन, लवकर वाफ धरणारा बॉयलर आणि सडपातळ लाकडी अंग एवढ्या भांडवलावर त्यांनी वेगवान यॉटा आणि टॉर्पेडो बोटी बांधल्या. १८८५ ची ‘स्टिलेटो’ चौऱ्याण्णव फूट लांब होती. हडसन नदीवर ‘मेरी पॉवेल’ नावाची प्रवासी आगबोट सर्वांत वेगवान म्हणून मिरवत असे. ‘स्टिलेटो’नं भर प्रवाशांसमोर तिला मागे टाकलं. दोनच वर्षांत अमेरिकन नौदलानं ‘स्टिलेटो’ विकत घेतली आणि पुढे ‘कशिंग’ ही टॉर्पेडो बोटही याच कारखान्याकडून बांधून घेतली.

१८८८ साली ‘से व्हेन’ या वाफेच्या यॉटच्या चाचणीत बॉयलर फुटला आणि एक कामगार भाजून दगावला. नॅट त्या वेळी बोटीवरच होता. चौकशीनंतर वाफेचं यंत्र चालवण्याचा त्याचा परवाना काढून घेतला गेला. नॅट मुळात मितभाषी, कामाच्या बाबतीत स्वतःवरही दया न दाखवणारा माणूस. त्या दिवसाबद्दल त्याला काय वाटलं याचा अंदाजच करावा लागतो. पण कागदोपत्री एवढं दिसतं की, यानंतर त्याचं मन शिडांकडे वळलं. वाफेच्या बोटी कारखाना पुढेही बांधत राहिला. जगानं मात्र नॅटला ओळखलं ते शिडांमुळे.

१८९१ ची ‘ग्लोरियाना’. कारखान्याच्या वहीत हिचा नंबर ४११. एडविन मॉर्गन या शौकिनासाठी बांधलेली ही यॉट पाण्यात उतरली तेव्हा जाणकारांनी तिच्या नाळेला नावं ठेवली. नाळ म्हणजे होडीचा पुढचा भाग. त्या काळच्या यॉटांची नाळ पाण्यात सरळ खाली उतरत असे. नॅटनं खालचा कोपरा सरळ कापून टाकला आणि नाळ चमच्यासारखी पुढे, पाण्याच्या वर, लांबवत नेली. त्या मोसमात ‘ग्लोरियाना’ आठ शर्यतींत उतरली आणि आठही जिंकली. मग मॉर्गननं तिला मागे घेतलं, बहुधा इतरांवर उपकार म्हणून.

यामागचं इंगित समजलं की पुढची पंधरा वर्षं समजतात. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच एक लाट उठवते आणि तिचा वेग त्या लाटेत अडकतो. पाण्याला टेकलेली लांबी जितकी जास्त तितकी लाट लांब आणि वेगाची मर्यादा वर. म्हणून शर्यतीच्या नियमांत होडी स्थिर असताना पाण्याच्या रेषेवर तिची लांबी मोजत आणि तिच्यावर बंधन घालत. अमेरिकाज कपमध्ये ती नव्वद फुटांवर जाऊ द्यायची नाही असा दंडक होता. नॅटनं पाहिलं, मोजमाप होतं ते होडी सरळ उभी असताना, आणि शर्यत होते ती होडी एका कुशीवर कलंडलेली असताना. नाळ आणि मागचा भाग पाण्यावर लांबच लांब, पसरट ठेवला, तर मोजताना तो मोजला जाणार नाही आणि कलल्यावर पाण्यात बुडून लांबी वाढवील. त्यानं नियम कुठे मोडला नाही. तो फक्त मोजणाऱ्यांपेक्षा नीट वाचला.

कारखान्यात हे सगळं कसं घडे ते पाहण्याजोगं आहे. आज जहाजाचा आराखडा आधी कागदावर किंवा संगणकावर येतो. नॅट आधी चाकू हातात घेई. घरी संध्याकाळी पाइनच्या ठोकळ्यातून तो होडीचं अर्धं अंग कोरी, उजवं किंवा डावं, कारण दुसरं अर्धं तसंच असतं. ते मनासारखं झालं की जे. बी.च्या हातात जाई. आंधळा भाऊ नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तळवा फिरवी, परत आणी, कुठे थांबे. तिथे काहीतरी खटकलेलं असे. त्यावर दोघांचं बोलणं होई, क्वचित चाकू पुन्हा चाले. मग नॅट स्वतः तयार केलेल्या मापनयंत्रानं त्या नमुन्यावरून जागोजागची मापं घेई, वहीत आकडे उतरवी, आणि ती वही थेट फळ्या कापणाऱ्यांकडे जाई. मधल्या रेखाटनांचा टप्पा पुष्कळदा नसेच. काढलेली रेखाटनंसुद्धा छोटेखानी. प्रत्येक खिळा काढून दाखवायची गरज नव्हती, कारण कुठला खिळा कुठे, किती अंतरावर, हे कारखान्यातल्या सुताराला पाठ असे.

बांधणीही जगावेगळी. होडी सहसा तळापासून वर बांधतात: आधी तळाचा कणा, मग फासळ्या, मग फळ्या. हेरेशॉफांकडे लहान आणि मध्यम यॉटा उलट्या बांधत. प्रत्येक फासळीसाठी लाकडाचा वेगळा साचा. ओकची पट्टी वाफेत मऊ करायची, साच्यावर वाकवायची, आणि सगळे साचे जमिनीवर पालथे ओळीनं उभे करायचे. मग कणा वरून ठेवायचा आणि फळ्या वरून खाली बसवत यायचं. सुताराला वर हात करून, मान वाकडी करून काम करावं लागत नसे. शेवटी अंग उलटं करून सरळ केलं की होडी तयार. या पद्धतीची खरी कमाई अशी की साचे शिल्लक राहत. त्याच आकाराची दुसरी, दहावी, पन्नासावी होडी बांधायला डोकं चालवावं लागत नसे.

ओतकाम, इंजिनं, दोर ओढायची यंत्रं, कप्प्या, दोर बांधायच्या खुंट्या, सगळं आवारातच. शिडं शिवायचा विभागही पुढे स्वतःचाच काढला, तिथे नॅटनं कापडाच्या पट्ट्या शिडाच्या मागच्या कडेला काटकोनात जोडायची पद्धत आणली. कापड ताणलं जाऊन शिडाचा आकार बिघडत असे, तो बिघडेना. जगभरच्या शिडवाल्यांनी ती उचलली.

व्यवहार जे. बी.कडे. गिऱ्हाईक समोर बसून मोठ्या यॉटचं वर्णन सांगे, आणि जे. बी. लाकूड, धातू, मजुरी, नफा हे सारं मनातल्या मनात मांडून तिथल्या तिथे किंमत सांगे. घासाघीस त्याला खपत नसे. नॅटला गिऱ्हाइकांशी बोलायचाच कंटाळा. मालकानं मध्येच काही सुचवलं तर त्याला काय वाटे ते त्याच्या चेहऱ्यावर दिसे, असं त्याच्या मुलानं, एल. फ्रान्सिसनं, पुढे लिहिलेल्या चरित्रातून कळतं. गावातले लोक त्याला कॅप्टन नॅट म्हणत, वर्तमानपत्रं ‘ब्रिस्टलचा जादूगार’ म्हणत. हा किताब त्याला फारसा आवडत असेल असं वाटत नाही. जादू म्हटलं की मोजमापाचं श्रेय जातं.

१८९३ साली अमेरिकाज कपसाठी ‘व्हिजिलंट’ बांधली आणि नॅटनं स्वतः तिचं सुकाणू धरून इंग्लंडच्या लॉर्ड डनरेव्हनच्या ‘व्हाल्किरी दुसरी’ला तीन-शून्य हरवलं. दोन वर्षांनी डनरेव्हन ‘व्हाल्किरी तिसरी’ घेऊन परत आला. या वेळी ब्रिस्टलहून ‘डिफेंडर’ उतरली. तिच्या फासळ्या पोलादाच्या, पाण्याखालचे पत्रे कांस्याचे आणि वरचे ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तेव्हा नवलाची चीज होती. वजन वाचलं, पण तीन वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांची विजेची घटमाला तयार होते आणि त्यातला हलका धातू झिजत जातो. नॅटला हे ठाऊक नव्हतं असं समजायचं कारण नाही. यॉट एक मोसम टिकली तरी पुरे, असाच त्या खेळाचा हिशेब होता. १९०१ पर्यंत ‘डिफेंडर’ मोडीत निघाली होती.

ती शर्यत गाजली ती भांडणामुळे. मोजणी झाल्यावर रात्रीतून ‘डिफेंडर’मध्ये जादा वजन भरलं आणि तिची पाण्यातली लांबी वाढवली, असा डनरेव्हनचा आरोप होता. दुसऱ्या फेरीत त्याचीच यॉट सुरुवातीच्या रेषेवर ‘डिफेंडर’ला लागली आणि बाद ठरली. तिसऱ्या फेरीत तो रेषा ओलांडून सरळ माघारी वळला. न्यूयॉर्क यॉट क्लबनं चौकशी बसवली. पंचांत सावकारीचा बादशहा जे. पी. मॉर्गन आणि नौदलाचा इतिहासकार मेहॅन. आरोप निराधार ठरला आणि लॉर्डसाहेबांचं मानद सभासदत्व गेलं. वजनाच्या बाबतीत डनरेव्हन चुकलाच होता. मात्र प्रेक्षकांनी खच्चून भरलेल्या आगबोटी शर्यतीच्या वाटेत घुसून पाणी ढवळतात ही त्याची दुसरी तक्रार अगदी रास्त होती, आणि पुढल्या वेळी तिचा बंदोबस्तही झाला.

या कडवटपणानंतर लिप्टन आला तो सगळ्यांना हवाहवासा वाटला. हसून हरणारा प्रतिस्पर्धी, आणि त्याच्या हरण्यानं अमेरिकेत चहा खपतो ही बाजूची गोष्ट. १८९९ मध्ये त्याच्यासमोर ‘कोलंबिया’ आली. त्या शर्यतीच्या बातम्या मार्कोनीनं समुद्रावरून बिनतारी यंत्रानं वर्तमानपत्राला पाठवल्या, इतकं लोकांचं लक्ष लागलं होतं. ‘कोलंबिया’चा कप्तान चार्ली बार, जन्मानं स्कॉटिश. म्हणजे लिप्टनला हरवणारा त्याच्याच मुलखाचा. १९०१ साली हेरेशॉफांनी नवी ‘कॉन्स्टिट्यूशन’ बांधली, पण बारनं जुन्या ‘कोलंबिया’वरूनच तिला निवड फेऱ्यांत मागे सारलं आणि पुन्हा लिप्टनसमोर उभा राहिला. त्या साली शेवटच्या फेरीत ‘शॅमरॉक दुसरी’ दोन सेकंदांनी आधी पोचली, तरी हरली. आकारमानाप्रमाणे मिळणाऱ्या सवलतीच्या हिशेबात ‘कोलंबिया’ पुढे निघाली. इतक्या जवळ लिप्टन त्या काळात पुन्हा आला नाही.

१९०३ ची ‘रिलायन्स’ म्हणजे नॅटच्या हिशेबाचं टोक. वहीतला नंबर ६०५. पाण्याच्या रेषेवरची लांबी नव्वद फुटांना थोडी कमी, आणि डेकची लांबी सुमारे एकशे चव्वेचाळीस. म्हणजे चोपन्न फूट यॉट स्थिर असताना निव्वळ हवेत. पुढच्या दांडीच्या टोकापासून मागच्या दांडीच्या टोकापर्यंत दोनशे एक फूट. शिडाचं क्षेत्रफळ १६,१६० चौरस फूट. एकाच डोलकाठीवर एवढं कापड शर्यतीच्या यॉटनं तोवर उभारलं नव्हतं. डोलकाठी पोलादी नळीची, तिच्या पोटात वरचा तुकडा सरकत खाली घेता येई. सुकाणू पोकळ, त्यात पाणी भरून किंवा काढून कप्तानाला त्याचा भार कमीजास्त करता येई. दोर ओढायची यंत्रं डेकखाली. तिथे घामाघूम होणाऱ्या खलाशांना शर्यत दिसतही नसे. ती यंत्रं इतकी चोख होती की पुढच्या कप-यॉटांवर काढून बसवली गेली. माणसं चौसष्ट.

ही यॉट चालवायला बारसारखाच माणूस हवा होता. वाऱ्यात ती एकदा कलली की बोलता बोलता डेक पाण्याखाली जाई. ‘शॅमरॉक तिसरी’चा टिकाव लागला नाही. तिसऱ्या फेरीत धुकं उतरलं, ‘रिलायन्स’ धुक्यातून रेषेवर प्रकटली आणि ‘शॅमरॉक’ रेषाच चुकून भलतीकडून आली. एवढ्या खर्चाची, एवढ्या कौशल्याची ‘रिलायन्स’ त्या एका उन्हाळ्यानंतर शर्यतीत उतरली नाही. दहा वर्षं तशीच पडून राहिली आणि १९१३ मध्ये भंगारात गेली. दुसरं काही करण्यासारखं तिच्यात नव्हतंच. ना तिच्यावर कुणी सुखानं राहू शकलं असतं, ना लांबचा प्रवास करू शकलं असतं.

न्यूयॉर्क यॉट क्लबलाही हे कळत होतं. असल्या बेढब यॉटांना आळा घालणारा नवा नियम हवा होता, आणि तो लिहायला त्यांनी सांगितलं नॅटलाच. ‘रिलायन्स’ बांधून होत होती त्याच सुमारास त्याचा ‘युनिव्हर्सल रूल’ तयार झाला. सूत्रात लांबी, शिडाचं क्षेत्रफळ यांच्या जोडीनं यॉटचं वजनही आलं. पोकळ आणि हलकं अंग बांधणाऱ्याला त्यात फायदा उरेना. चोरवाटा ज्यानं शोधल्या त्यानंच त्या बुजवल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या देखण्या अमेरिकन यॉटा याच सूत्रावर बांधल्या गेल्या.

माझ्या मते कारखान्याचं खरं मोठेपण या नियमानंतर दिसतं, आणि ते मोठ्या यॉटांत नाही. १९०५ साठी क्लबच्या सभासदांनी एकसारख्या ‘न्यूयॉर्क ३०’ यॉटांची ऑर्डर दिली. एका हिवाळ्यात अठरा यॉटा, प्रत्येकी चार हजार डॉलर. साच्यांची पद्धत इथे कामाला आली. सगळ्यांकडे सारखीच होडी, तेव्हा जिंकला तर चालवणारा जिंकला. पैसा किंवा आराखडा नाही. त्यांतल्या कित्येक शंभर वर्षांनंतरही पाण्यात होत्या. १९१० ची ‘वेस्टवर्ड’ ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर बारनं युरोपात नेऊन जर्मन कैसरच्या दरबारी मंडळींना हरवलं, तीही देखणी आणि दणकट होती.

आणि १९१४ ची छोटी होडी. मॅसॅच्युसेट्समधल्या बझर्ड्स बेमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी नैर्ऋत्येचा जोराचा वारा सुटतो आणि उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथल्या श्रीमंतांना आपल्या मुलांना शीड शिकवण्यासाठी न उलटणारी, न बुडणारी होडी हवी होती. मागणी घेऊन आला रॉबर्ट एमन्स, त्या वेळच्या कप-यॉटचा व्यवस्थापक. नॅटनं पाण्याच्या रेषेवर साडेबारा फूट लांबीची, एकंदर सोळा फुटांच्या आतली, तळाला शिशाचं जड वजन असलेली होडी कोरली. ‘हेरेशॉफ साडेबारा’ असंच तिचं नाव पडलं. पुढच्या तीस वर्षांत कारखान्यानं त्या साडेतीनशेहून अधिक बांधल्या.

जुलै १९१५ मध्ये जे. बी. वारला. नॅट सदुसष्ट वर्षांचा होता आणि व्यापार त्याला कधीच आला नव्हता. १९१७ मध्ये न्यूयॉर्क-बोस्टनच्या काही यॉटशौकिनांनी मिळून कारखाना विकत घेतला. शौकिनांना यॉट कशी चालवायची ते कळत होतं, कारखाना कसा चालवायचा ते नाही. अमेरिकेत १९१३ पासून उत्पन्नावर कर आला होता, युद्ध आलं होतं, आणि ज्यांना अजूनही पैसा उधळायचा होता ते मोटर यॉटांकडे वळत होते.

१९२० च्या कपसाठीची ‘रिझोल्यूट’ ही नॅटची या शर्यतीतली शेवटची यॉट. युद्धामुळे सहा वर्षं उशिरा झालेल्या या सामन्यात पहिल्या दोन्ही फेऱ्या लिप्टननं जिंकल्या. पहिल्या फेरीत ‘रिझोल्यूट’चं शीड चढवायचा दोरच तुटला होता. लिप्टनला फक्त एक फेरी हवी होती. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्सनं सुकाणू धरून उरलेल्या तिन्ही जिंकल्या.

१९२४ मध्ये कारखान्याचा लिलाव झाला. ब्रिस्टलमध्येच राहणाऱ्या रूडॉल्फ हाफेनरेफर या बिअरवाल्या घराण्यातल्या उद्योजकानं तो घेतला आणि मोडू दिला नाही. १९३० ची ‘एंटरप्राइज’ आणि १९३४ ची ‘रेनबो’ त्याच आवारात बांधल्या गेल्या. आराखडे मात्र स्टार्लिंग बर्जेसचे. ‘एंटरप्राइज’कडून हरल्यावर ऐंशीच्या घरातल्या लिप्टनला अमेरिकन लोकांनी वर्गणी काढून सोन्याचा चषक दिला. वर्षभरातच तो गेला. १९३७ ची ‘रेंजर’ ब्रिस्टलला बांधली गेलीच नाही. मेन राज्यातल्या एका मोठ्या जहाज कारखान्यात ती पोलादात झाली, आणि तिचं अंग ठरलं ते टाकीतल्या पाण्यात छोटे नमुने ओढून घेतलेल्या चाचण्यांवरून. अर्ध्या नमुन्यावर तळवा फिरवायचे दिवस संपले होते.

नॅट या सगळ्या काळात कारखान्याशेजारी ‘लव्ह रॉक्स’ या आपल्या घरात नमुने कोरत होता. वयाच्या पंच्याऐंशीनंतरही त्यानं ‘बेलिसेरियस’ ही यॉट आखली. २ जून १९३८ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तो वारला. साडेतीन महिन्यांनी न्यू इंग्लंडवर कधी नव्हे असं चक्रीवादळ आलं आणि ब्रिस्टलच्या किनाऱ्याची दाणादाण उडाली. दुसऱ्या महायुद्धात आवार पुन्हा गजबजलं. टॉर्पेडो बोटी आणि सुरुंग काढणाऱ्या बोटी बांधल्या गेल्या. सरकारी कामं संपली तसं कामही संपलं. १९४६ मध्ये कारखाना बंद झाला.

नॅटची रेखाटनं एमआयटीच्या संग्रहात गेली. ब्रिस्टलमध्ये १९७१ साली हेरेशॉफ मरीन म्युझियम स्थापन झालं. नॅटची नमुन्यांची खोली तिथे आहे, आणि १८६० ची ‘स्प्राइट’ही. स्वयंसेवकांनी तिथे ‘रिलायन्स’ची एक-षष्ठांश प्रतिकृती बांधली, तीसुद्धा डोलकाठीसकट तीस फुटांवर उंच. ‘साडेबारा’ बांधण्याचे हक्क १९४०च्या दशकातच बाहेर गेले आणि शेवटी बझर्ड्स बेच्या काठावरच्या वेअरहॅममधल्या केप कॉड शिपबिल्डिंगकडे आले. नॅटचा मुलगा सिडनी यानं त्याच अंगावरून ‘बुल्स आय’ नावाची फायबरग्लासची होडी काढून दिली. एकदा साचा झाला की ती बांधायला सुतारही लागत नाही.